शून्य म्हणजे ठीक

फ्लॉपीवरची पत्र्याची झाकणी त्याने अंगठ्याने बाजूला सारली, सोडली. ती खट्‌कन जागेवर बसली. पुन्हा सारली... पुन्हा खट्. लेबलावर त्याचेच अक्षर होते, जरा उजवीकडे झुकलेले — ‘आज्ञांचे आकडे. भव्यासाठी. १२ मार्च ९६.’ चहा केव्हाच निवला होता. खालून घरमालक हणमंतरावांची कानडी मिसळलेल्या मराठीत हाक आली, “वासुदेव, बस जाईल हो, स्वल्प लवकर!” आणि त्याने फ्लॉपी शर्टाच्या खिशात टाकली. वाटेत कुठेतरी फेकून द्यायची म्हणून — निदान स्वतःला त्याने तसे सांगितले.

जयनगरहून निघालेल्या बसमध्ये उभ्या उभ्या त्याने सगळे पुन्हा एकदा मनात मांडले, अगदी शांतपणे, दुसऱ्या कुणाचे असावे तसे. आनेकलच्या कारखान्यात पत्रा दाबायचे यंत्र. ते चालवणारा संगणक. त्यावर भव्याने लिहिलेला प्रोग्राम, जो कामगाराला पडद्यावर दिसतो. आता प्रोग्रामला यंत्राला थेट हात लावायची मुभा नसते. त्याने संगणकाच्या गाभ्याच्या खिडकीशी बसलेल्या ड्रायव्हर नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामला फक्त आकडा द्यायचा — एक म्हणजे चालू कर, पाच म्हणजे थांबव — आणि ड्रायव्हरने आत काम उरकून जबाब द्यायचा. शून्य म्हणजे ठीक. उणे आकडा म्हणजे चूक. हा ड्रायव्हर वासुदेवने लिहिलेला, एकट्याने, तीन महिने खपून. आणि त्याचा त्याला गर्व होता, का नसावा? एप्रिलात त्याने ‘थांबव’ची आज्ञा नव्याने लिहिली, पाच काढून टाकून तिला नऊ दिला, आणि मार्चातल्या फ्लॉपीवरून भव्याकडे पाचच गेला आहे, हे तिला सांगायचे... राहिले. राहिलेच की! माणसाचे काही राहत नाही का?

पण राहिले ते सोडा. अनोळखी आकडा आला की ड्रायव्हरने ‘चूक’ म्हणून ओरडायचे असते, आणि तो ओरडला नाही. फेब्रुवारीत गिऱ्हाइकासमोर पडद्यावर लाल अक्षरे झळकली होती, साहेबांचे तोंड उतरले होते, तेव्हा लाजेकाजेस्तव वासुदेवने त्या जागी शून्य घातले. काही कळले नाही तरी ‘ठीक’. शेजारी टीपही लिहिली — तात्पुरते. आणि परवा शुक्रवारी प्रोग्रामने पाच म्हटले, ड्रायव्हरने काडीचेही न समजता ‘ठीक’ म्हटले, पडद्यावर यंत्र थांबल्याचा हिरवा चौकोन उमटला आणि यल्लाप्पा नावाच्या कामगाराने अडकलेला पत्रा काढायला हात आत घातला. दोन बोटे गेली. उजव्या हाताची.

रविवारी वासुदेव एकटाच ऑफिसात येऊन गेला. शून्य पुसून उणे लिहिले, टीप पुसली. सगळे मिळून अर्धे मिनिट. आता त्याचा ड्रायव्हर धुतल्या तांदळासारखा होता.

ठीक... हा शब्द त्याच्या तोंडात फार जुना. नागपूरला इस्पितळात बाबा विचारत होते, “डॉक्टरांना भेटलास का रे?” — “हो बाबा. ठीक आहे म्हणाले.” भेटला नव्हताच. डॉक्टर कामात दिसले म्हणून दारात पाच मिनिटे उभा राहून परत फिरला होता. बाबा लगेच कूस बदलून निश्चिंत झोपले, आणि तो त्यांच्या पाठीकडे, बनियनच्या उसवलेल्या शिवणीकडे बघत राहिला होता. त्याला वाईट वाटते त्याचे. आजही फार वाईट वाटते. शिवाजीनगरला गर्दीने त्याला बसमधून खाली ढकलले. कचऱ्याचा डबा समोरच होता. तो त्याला वळसा घालून पुढे गेला.

ऑफिसात भव्या आधीच येऊन बसली होती. इथल्याच जुन्या मराठी घरातली पोर, वडिलांचे शिवाजीनगरात कापडाचे दुकान. नोकरीला पाच महिने झालेले, पुढच्या महिन्यात कायम व्हायची. तिचे डोळे सुजले होते.

“सर, स्वल्प बघता का?” तिने पडदा त्याच्याकडे वळवला. “आता मी पाच पाठवलं तर ड्रायव्हर चूक म्हणतो. मग शुक्रवारी का नाही म्हणाला?”

त्याने पडद्याकडे बघितले. उणे बावीस. स्वच्छ, सरळ, खरा जबाब.

“बघावं लागेल,” तो म्हणाला.

“तुमच्या फाइलीत तर नऊ आहे सर. आकडे मी फ्लॉपीवरून बघून बघून हातानं घातले होते ना, तेव्हा नवाच्या ठिकाणी पाच पडला असणार माझ्याकडून. असंच ना?”

“हं,” वासुदेव म्हणाला.

निघून गेला तो हुंकार, आणि मग परत घेता येईना. तिने मान हलवली, तिला पटले. त्याचे म्हणणे तिला नेहमीच पटायचे, हीच तर पंचाईत!

“ती फ्लॉपी मिळेल का सर? मी तेव्हाच तुम्हाला परत दिली होती. एकदा डोळ्यांनी बघते, म्हणजे मनाची खात्री.”

“शोधतो.”

आणि तो शोधू लागला — खणात, कपाटात, जुन्या कागदांखाली, चांगला पाऊण तास. भव्याही त्याच्यासोबत धूळ झटकत खाली वाकत होती, “राहू द्या सर, कशाला त्रास,” म्हणत होती. खिशातली फ्लॉपी वाकले की छातीला टोचायची. आपण हे काय चालवले आहे, असे त्याच्या मनात आले, पण ते दुसऱ्याच कुणाबद्दल आल्यासारखे. त्याने पुढचा खण उघडला.

चार वाजता प्रदीपकुमार साहेबांनी दोघांना बोलावले. टेबलावर भव्याची फाइल होती आणि वर एक टाइप केलेला कागद, उलटा ठेवलेला. कारखान्याला आज लेखी कळवायचे होते, चूक कुणाची.

“भव्या, काही सांगायचंय तुला?”

“नाही सर. आकडा माझ्याकडूनच चुकला.” ती खाली फाइलीकडे बघत होती. “वासुदेव सरांनी तर बिचाऱ्यांनी सकाळपासून किती शोधाशोध केली माझ्यासाठी. त्या यल्लाप्पांना मी भेटून येऊ का सर? जाऊन काय सांगू, ते मात्र कळत नाही.”

 साहेबांनी कागद सुलटा करत विचारले, “सरी, बरं. वासुदेव, तुमच्या बाजूनं सगळं ठीक?”

शब्द तयार होता. इतकी वर्षे तो आपोआप यायचा, विचारणारा काय विचारतो आहे ते नीट ऐकायचीही गरज पडायची नाही... वासुदेवने तोंड उघडले आणि तोंडात काहीच नव्हते. ‘ठीक’ही नाही, ‘हं’ही नाही. हात खिशाकडे गेला होता, अंगठ्याखाली ती झाकणी सरकली; त्याने ती तशीच उघडी धरून ठेवली, सुटू दिली नाही. भव्याने मान वर केली. साहेबांनी सहीसाठी पेनाचे टोपण काढले. दोघेही त्याच्या जबाबाची वाट बघत होते, आणि पहिल्यांदाच, आता काय जबाब येतो हे ठाऊक नसलेला तोही.