एका डोक्याचे दोन सिंह

फ्रान्सातल्या आमच्या प्वातू प्रांताकडे चर्चच्या खांबाच्या माथ्यावर सिंह कोरायची रीत अशी: दोन बाजूंना दोन धडं आणि कोपऱ्यावर दोघांत मिळून एकच डोकं. एक धड माझा थोरला भाऊ गोसबेरकडे होतं, दुसरं माझ्याकडे. डोकं दादाने आधीच कोरून ठेवलं होतं, आणि काय देखणं! पण पुढे एक दगड घसरला आणि दादाच्या उजव्या हाताची बोटं चिरडली.

बेराँजे मिस्त्रीने तोंडावर सांगितलं, "संत मिशेलच्या सणाला माथा वर चढणार. धडं जुळली नाहीत तर गोसबेर, छिन्नी ठेवायची आणि चुना कालवायला लागायचं."

दादाला चुना कालवताना बघणं माझ्याच्याने झालं नसतं. मी म्हटलं, "तुझी बाजूही मीच करतो."

"हात लावून तर बघ! तुझीही बोटं चिरडीन."

जखम जराशी सुकताच त्याने छिन्नी उजव्या मुठीला फडक्याने बांधली आणि डाव्या हाताने हातोडा मारायला लागला. ओठ चावायचा, पण थांबायचा नाही. त्याच्या सिंहाचे पाय जाडजूड झाले, आयाळीच्या नुसत्या सरळ खाचा पडल्या. शेजारी माझा सिंह कुरळ्या आयाळीचा, नवरदेवासारखा नटलेला. त्याचा मला केवढा तोरा होता!

सणाच्या आदल्या दिवशी दादा भाकरी-कांदा खायला गेला. दादाच्या बाजूला हात लावायची बंदी होती, माझ्या बाजूला नव्हती. मी हातोडा डाव्या हातात घेतला आणि माझ्या सिंहाचे कुरळे केस तासायला लागलो. रडू येत होतं, पण शेवटची खाच पडेपर्यंत मी उठलो नाही.

मिस्त्री आला. "एमरीक, कुरळे कुठे गेले रे?"

"सिंहाला कुरळे नसतात."

"तू मोठा सिंह पाहिलेला!"

"तुम्ही पाहिलाय?"

सिंह आमच्या मुलखात कुणाच्या बापानेही पाहिला नव्हता. मिस्त्रीने या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. "जुळतायत मेले," तो पुटपुटला. "चढवा."

मिस्त्री गेल्यावर दादा माझ्या सिंहापाशी येऊन उभा राहिला. त्याने खाचांवरून हात फिरवला. त्याचे डोळे भरून आले होते.

"गाढवा, माझ्यापेक्षा वाईट केलंस की," तो म्हणाला. "डाव्या हाताने ठोकताना कोपर अंगाशी धरायचं असतं. उद्या ये, शिकवतो."