निळ्या रुमालाला पडलेली दुहेरी गाठ

मी एक जुना रुमाल आहे. नाक पुसायचा नव्हे हं, मित्रांनो! मी पोथीचा रुमाल आहे.

माझा जन्म नांदेडचा. मनरूपच्या पप्पांनी पगडीसाठी निळं कापड घेतलं, दुकानदाराने हातभर जास्त फाडलं, आणि ते जास्तीचं म्हणजे मी. मनरूपच्या मम्मीने, म्हणजे बलबीर कौर यांनी, माझ्या चारी कडा हाताने दुमडून शिवल्या. एका कडेचे टाके वाकडे आहेत, कारण नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी झाली. मला त्याचं काही वाटत नाही.

माझं काम सोपं होतं. शीख घरात रोज पहाटे नितनेम करतात, म्हणजे ठरलेल्या पाच बाण्यांचा, गुरूंच्या रचनांचा पाठ. त्या बाण्यांची छोटी पोथी असते, तिला गुटका साहिब म्हणतात. मी त्या पोथीभोवतीचा रुमाल. मम्मी आंघोळ करायची, डोकं झाकायची, हात पुन्हा एकदा धुवायची आणि मगच मला उलगडायची. तिच्या मांडीवर मी, माझ्यावर पोथी. पाठ झाला की उभं राहून अरदास, म्हणजे शेवटची प्रार्थना, आणि मग माझी घडी. आमच्या घरी पोथीच्या रुमालाला गाठ मारत नाहीत. उजवं टोक डाव्यावर घ्यायचं आणि शेवटचं आत खोचायचं. मम्मीचं खोचलेलं टोक इतकं नीट बसायचं की घडी कुणी केली हे लांबूनच कळावं.

पंधरा वर्षं मी हेच केलं. मग मनरूप अकरावीला लातूरला आली, क्लासेससाठी. मम्मीने नवा रुमाल शिवून स्वतःच्या पोथीला घातला आणि मनरूपच्या पोथीला मला गुंडाळून दिलं. म्हणाली, "पुत्तर, डॉक्टर हो नाहीतर नको होऊ. पाठ चुकवू नको."

"नाही चुकवणार, मम्मी!" मनरूप म्हणाली. तिला तेव्हा सगळंच सोपं वाटत होतं.

होस्टेलच्या त्या खोलीत दोन कॉट, दोन टेबलं आणि एक लोखंडी कपाट. सगळ्यांत उंच आणि स्वच्छ जागा कपाटावरची, म्हणून आम्ही तिथे. दुसऱ्या कॉटवर रेणापूरची विशाखा. तिच्या टेबलावर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याच्या शेजारी आईने दिलेली शेंगदाण्याच्या चटणीची बरणी.

पहिल्याच पहाटे ती उशीतून ओरडली, "अगं माय, पाचला कुणाशी बोलायलीस?"

"पाठ करतेय."

"पाठ मनात होत न्हाई का?"

"नाही होत. झोप तू."

आठवडाभर विशाखा कुरकुरली. मग एकदा मेसमध्ये तिला मैत्रिणींना सांगताना मनरूपने ऐकलं, "मला गजर लागत न्हाई बाई. हिची तिसरी बाणी चालू झाली की मी उठते." मनरूपला इतकं हसू आलं की ताटातलं वरण सांडलं. (माझ्यावर नाही. मी कपाटावर होतो.)

दिवाळीच्या सुट्टीहून परतलो त्याच दिवसापासून रोजच्या टेस्ट सुरू झाल्या. पहिल्याच फिजिक्सच्या टेस्टला मनरूपला फार कमी मार्क पडले. त्या रात्री ती उशिरापर्यंत बसली आणि पहाटे उठली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, उद्या. मग टेस्ट, मग उद्या. माझ्यावर धूळ बसली. धूळ बसण्यात दुखत काही नाही, फक्त कळत राहतं.

मम्मीचा फोन मात्र रोज सकाळी यायचा. "पाठ झाला, पुत्तर?"

"झाला, मम्मी."

विशाखा दात घासता घासता थांबायची. "रोज खोटं बोलायलीस."

"तू गप बस. तुला काय करायचंय?"

"मला काय करायचंय? चार दिवस झाले, मी उशिरा उठून पहिला तास बुडवायले!"

जानेवारीत मम्मीने सांगितलं, रविवारी पहिल्या एसटीने येते. मनरूप पांढरीफटक पडली. विशाखा म्हणाली, "एवढं काय? धूळ झटकून टाक."

"धुळीचं नाही गं. ही घडी मम्मीच्या हातची आहे. सुट्टीला निघताना घाईत माझ्याकडून विस्कटली होती, आणि दिवाळीला पोथी घरी नेली तेव्हा तिने परत घातली. तेव्हापासून मी सोडलीच नाही. ती बघताक्षणी ओळखेल."

रविवारी मनरूप बाथरूममध्ये केस धूत होती आणि खाली मम्मीचा आवाज आला. खोलीत विशाखा एकटी. तिने आधी हात धुतले, मग डोक्यावर ओढणी घेतली. मग खुर्चीवर चढून आम्हाला खाली घेतलं, मला सोडलं, झटकलं आणि पुन्हा बांधलं. पण विशाखाच्या हातांना बांधणं म्हणजे एकच माहीत, शेतात न्यायच्या भाकरीचं. तिने मला कचकन दुहेरी गाठ मारली!

मम्मी आत आली. तिने हात धुतले, डोकं झाकलं आणि कपाटावरून पोथी घेतली. गाठीकडे बघत राहिली.

"ही गाठ कुणी मारली?"

मनरूप ओल्या केसांनी दारातच उभी होती. विशाखा म्हणाली, "काकू, तिनंच. रोज मारते."

मम्मीने मला नाकाजवळ नेलं. "रोज शेंगदाण्याची चटणी खाऊन पाठ करते का ही?"

कुणीच हसलं नाही. हात धुतले तरी चटणीचं तेल नखांत राहतं, आणि माझ्या कोपऱ्यावर पिवळा डाग पडला होता.

"मम्मी," मनरूप म्हणाली, "दिवाळीपासून पोथी उघडलीच नाही. मी रोज खोटं बोलले."

मम्मी कॉटवर बसली. मग विशाखाला विचारलं, "हात लावायच्या आधी काय केलंस?"

"हात धुतले, काकू. डोकं झाकलं. ही करायची तसंच."

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"न्हाई. रोज बघायचे की."

मम्मीने मनरूपकडे बघितलं. "ऐकलंस?"

मनरूप रडायलाच लागली. "आता नऊ वाजलेत, मम्मी. पहाट गेली."

"मग नऊचा करू. माझा एसटीत झालाय, पण तुझ्याबरोबर परत बसते."

त्या दिवशी पोथी मम्मीच्या धुतलेल्या चुन्नीवर होती आणि मी साबण लावून खिडकीच्या गजावर वाळत होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी पाठ लांबून ऐकला. मनरूप दोन ठिकाणी अडखळली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने माझी घडी स्वतः केली. टोक वाकडं बसलं, कुकरच्या शिट्टीच्या वेळच्या टाक्यांसारखं.

मित्रांनो, डाग पूर्ण गेला नाही, फिका झालाय. त्याचं मला काही वाटत नाही. पण एक सांगू? तुमच्याही घरी कुणीतरी जपून बांधून दिलेली वस्तू असेल. तिला उंचावर ठेवून विसरू नका. ती रोज उघडा. घडी वाकडी झाली तरी चालेल.

मम्मीचा फोन अजून रोज सकाळी येतो. पण आता ती मनरूपला काही विचारत नाही. म्हणते, "विशाखाला दे."

"बोला, काकू."

"जाग आली का बेटा, वेळेवर?"

"हाव, काकू. तिसऱ्या बाणीला."