सांगलीचा पायपंप, शिरे नदीच्या काठी

मी एक जुना सक्शन पंप आहे. जुना म्हणा, मला राग नाही. पण मोडका म्हणाल, भंगार म्हणाल, तर मित्रांनो, मी ते ऐकून घेणार नाही.

सायकलच्या चाकात हवा भरणारा पंप तुम्ही पाहिला असेल. माझे काम नेमके उलटे. मी हवा भरत नाही, ओढून घेतो. शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाच्या पोटात रक्त साचते. कधी घशात उलटी अडकते. ती पटकन ओढून काढली नाही तर श्वास कोंडतो आणि माणूस जातो. माझ्या लोखंडी पाटावर एक पॅडल आहे, त्याखाली रबरी भाता, शेजारी काचेच्या दोन बरण्या आणि एक लांब नळी. पॅडल पायाने दाबत राहिले की भाता ओढ धरतो आणि सगळी घाण बरणीत जाऊन पडते. मला वीज लागत नाही. एक धडधाकट पाय लागतो आणि थोडी चिकाटी.

माझा जन्म मिरजेतल्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथून मी सांगलीला डॉक्टर नेमिनाथांच्या दवाखान्यात आलो. ते लोडशेडिंगचे दिवस होते. ऐन शस्त्रक्रियेत दिवे जायचे, पण माझा भाता थांबायचा नाही. डॉक्टर सगळ्यांना कौतुकाने सांगायचे, "लाइट जाईल, हा गडी जाणार नाही." तेव्हा मला रोज पुसत, नळी उकळून घेत, पॅडलच्या खिळीला तेल देत.

मग विजेवर चालणारी यंत्रे आली. ती छान होती, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मला जिन्याखाली टाकून विसरून गेलेल्या माणसांविषयी. सलाइनच्या रिकाम्या खोक्यांखाली मी वर्षानुवर्षे पडून राहिलो.

पुढे कृष्णेला महापूर आला. जिन्याखालची खोली पाण्याने भरली आणि पाणी उतरले तेव्हा माझ्या बरण्यांत गाळ होता. भंगाराचा टेम्पो दारात उभा राहिला. भिजलेल्या गाद्या गेल्या, कपाटे गेली, मलाही उचलले. तेवढ्यात मंगल सिस्टर आडवी आली.

मंगल जत तालुक्यातली, मेंढपाळांच्या घरातली. तिचा भाऊ धुळा अजूनही मेंढरे घेऊन फिरतो. ऑपरेशन थिएटरमध्ये तिने इतकी वर्षे काढली होती की डॉक्टरसुद्धा तिच्या शब्दाला मान देत. तिने टेम्पोवाल्याच्या हातून मला काढून घेतले.

"ह्यो न्हाई द्यायचा," ती म्हणाली.

"आवं सिस्टर, चिखलानं भरलाय त्यो. कशाला ठिवताय?"

"आमच्याकडं मेंढी म्हातारी झाली तरी कळपाबरुबर चालतीया तवर तिला कुणी सोडत न्हाई. ह्याचा भाता अजून ओढतोय. ठेव खाली."

तिने मला नळाखाली धुतले, उन्हात वाळवले, नवे रबर घातले. मी पुन्हा ओढू लागलो, तरी काम मात्र कुणी देईना.

ते काम दिले डॉक्टर प्राचीने. ती डॉक्टर नेमिनाथांची मुलगी, भूलतज्ज्ञ. रुग्णाला भूल द्यायची आणि शस्त्रक्रिया संपेपर्यंत त्याचा श्वास सांभाळायचा, हे तिचे काम. सातारा-सांगलीकडचे काही डॉक्टर आणि सिस्टर दर वर्षी स्वखर्चाने आफ्रिकेतल्या मलावी देशात जात आणि जिथे सर्जन पोहोचत नाही अशा खेड्यांत शस्त्रक्रिया करत. त्या गटाचे प्रमुख साताऱ्याचे सर्जन, डॉक्टर जयराज. प्राची आणि मंगल त्यांच्याबरोबर पहिल्यांदाच निघाल्या होत्या.

सामान बांधताना जयराजसरांनी मला पाहिले. "हे लोखंड कशाला? आपल्याकडे बॅटरीवरचं नवं सक्शन आहे. याच्या वजनात औषधांचा एक खोका बसेल."

"सर, नवं तुमच्यासाठी, पोटाकडं," प्राची म्हणाली. "मला गळ्यासाठी वेगळं पाहिजे. दोन्हीकडं एकदम लागलं तर एकाच नळीनं काय करायचं?"

"असं कितीदा होतं?"

"क्वचित. पण झालं की माणूस जातो, सर."

मी तिच्या स्वतःच्या बॅगेतून गेलो. तिने तिचे अर्धे कपडे घरी ठेवले. माझ्या बरण्या फुटू नयेत म्हणून मंगलने त्या भडंगाच्या पुड्यांत दाबून बसवल्या. तिकडच्या विमानतळावर अधिकाऱ्याने बॅग उघडली. तो आधी माझ्याकडे, मग भडंगाकडे बघत राहिला. मंगलने त्याच्या हातावर मूठभर भडंग ठेवले. त्याने खाल्ले, डोळे पुसले आणि आम्हाला जाऊ दिले.

शिरे नावाच्या मोठ्या नदीकाठचे ते आरोग्यकेंद्र. दोन खोल्या, एक ओसरी आणि छपरावर दिव्यापुरते सोलर. तिथे चिसोमो नावाची सुईण-परिचारिका होती, उंच आणि कमी बोलणारी. पहिल्याच दिवशी तिने आम्हाला केंद्रामागची शेड दाखवली. आत यंत्रेच यंत्रे होती. वेगवेगळ्या देशांनी दान दिलेली. कुणाचा प्लग इथल्या भिंतीत बसत नव्हता, कुणाचा एक सुटा भाग मिळत नव्हता. सगळ्यांवर देणगीदारांच्या नावाच्या चकचकीत पाट्या मात्र शाबूत होत्या.

"पाहुणे फोटो काढतात आणि जातात," चिसोमो इंग्रजीत म्हणाली. "मग मी यांच्यावरची धूळ झाडते."

मित्रांनो, मी तेव्हा मनाशी ठरवले. या शेडमध्ये मी जाणार नाही.

शिबिर सुरू झाले. हर्नियाचे, गाठींचे रुग्ण लांबून चालत आले होते. मी प्राचीच्या पायाशी असे आणि बहुतेक वेळ नुसताच बसून राही. मग पाऊस लागला आणि शिरे पात्राबाहेर आली. जिल्ह्याच्या दवाखान्याकडे जाणारा रस्ता वाहून गेला.

त्याच सकाळी थोकोला आणले. थोको विशीतली, पहिलटकरीण. बाळ आडवे होते आणि कळा कालपासून चालू होत्या. लाकडी होडीतून तिची आजी तिला घेऊन आली होती. तिथे आजीला 'अगोगो' म्हणतात. म्हातारी गुडघाभर चिखलाने माखलेली होती, पण नातीचा हात सोडत नव्हती.

चिसोमोने तपासले आणि सरळ जयराजसरांपुढे येऊन उभी राहिली. "पोट उघडावं लागेल. आत्ता."

सरांनी ओसरीकडे पाहिले. मग सावकाश म्हणाले, "आपल्याला परवानगी फक्त ठरलेल्या शस्त्रक्रियांची आहे. ही आपल्या टेबलावर दगावली तर शिबिर बंद होईल. बाहेर जे वाट बघत बसलेत त्यांचं काय?"

सर दुष्ट नव्हते, मित्रांनो. ओसरीवरचे रुग्णही खरे होते आणि त्यांची दुखणीही खरी होती.

"तिला पुढं पाठवायचं कसं?" प्राचीने विचारले. "रस्ता नाहीय, सर. पाठवायचं म्हणजे मरायलाच पाठवायचं."

चिसोमो म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही वर्षातून एकदा येता. मी इथं वर्षभर असते. अशा किती जणींना मी होडीत बसवून पाठवलंय आणि किती जणी पोहोचल्या नाहीत, ते मला माहीत आहे. आज सर्जन माझ्या दारात आहे. आज मी पाठवणार नाही. विचारलं तर सांगा, इथली जबाबदार चिसोमो आहे."

मंगलने कुणाची वाट न बघता हात धुवायला घेतले होते.

सरांनी तिच्याकडे पाहिले. "मंगलताई, तुम्ही ठरवलंच का?"

"व्हय सर. तुमी कवा ठरिवताय, तेवडंच बाकी हाय."

सरांनी घड्याळ काढून खिशात टाकले. "घ्या टेबलावर."

थोकोचे रक्त आतल्या आत जाऊ लागले होते. कण्यात सुई देऊन भूल देण्याइतका रक्तदाब उरला नव्हता. प्राचीने हाताच्या नसेतून भूल दिली. सरांनी पोट उघडले. नवे यंत्र पोटातले रक्त ओढू लागले, आणि खरे सांगतो, झकास ओढू लागले. बाळाचा पाय दिसला आणि त्याच क्षणी थोकोला उलटी झाली. घसा भरला. तिचे ओठ काळपट पडू लागले.

"माझं सक्शन!" प्राची ओरडली.

तिने टेबलाचे डोके खाली केले, थोकोची मान वळवली, एका हाताने जबडा धरला, दुसऱ्याने नळी घशात घातली आणि पायाने मला दाबले. मी ओढले. पण फरशी ओली होती. दोन दाबांतच मी सरकलो आणि तिचा पाय हवेत गेला. तिने मला परत ओढून घेतले, मी परत सरकलो. सरांचे हात पोटात, मंगलचे सरांच्या हातांशी, चिसोमो बाळासाठी टॉवेल धरून उभी. मोकळे कुणीच नव्हते.

दाराशी आजी होती. तिला बाहेर बसवले होते, तरी ती परत येऊन उभी राहिली होती. तिला कुणी काही सांगितले नाही. ती आत आली, फरशीवर फतकल मारून बसली, मला दोन्ही मांड्यांत पकडले आणि हातांनी कवटाळले. तिची हनुवटी माझ्या बरणीवर टेकली होती. मग मी हललो नाही.

प्राचीने पाय मारला. परत मारला. मारतच राहिली. माझा भाता फुगला, बसला, फुगला, बसला. मी आयुष्यात इतक्या जिद्दीने कधी ओढले नव्हते. मला जिन्याखालची खोली आठवली नाही, टेम्पो आठवला नाही. फक्त त्या म्हातारीची छाती माझ्या पत्र्यावर धडधडत होती, तेवढे कळत होते. बरणी भरत गेली. घसा मोकळा झाला. थोकोने एक लांब, खरखरीत श्वास घेतला आणि प्राचीने मास्क लावला.

टेबलाच्या पलीकडे बाळ रडले. मुलगी होती.

आजी उठली नाही. प्राची खाली वाकून तिला म्हणाली, "झालं, आजी." मराठीतच म्हणाली. म्हातारीने तिचा गाल थोपटला आणि मगच मला सोडले. मंगल पुढे आली तेव्हा आजी तिला "अमायी, अमायी" म्हणू लागली. त्यांच्या भाषेत बाईमाणसाला आई म्हणून हाक मारायचा तो शब्द.

"माय म्हंतीया मला," मंगल म्हणाली आणि तिने तोंड फिरवले.

पण गोष्ट इथेच गोड झाली असे समजू नका. पाणी उतरल्यावर वरच्या कचेरीतून एक साहेब आले. ठरल्याबाहेरची शस्त्रक्रिया का केली, हा त्यांचा प्रश्न होता. चिसोमो म्हणाली, "मी सांगितलं म्हणून." जयराजसर पुढे झाले. "हात माझे होते. आणि पुन्हा अशी बाई आली तर पुन्हा हेच करीन." आजीने पणतीला आणून साहेबांच्या मांडीवर ठेवले. साहेबांनी बाळाला नीट धरले, हसलेसुद्धा. पण त्या साली शिबिर तिथेच थांबवले. ओसरीवरचे काही जण शस्त्रक्रियेविनाच परत चालत गेले. सर त्यांना वळणापर्यंत पोचवायला गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

"पुढच्या वर्षी परवानगी नाहीच मिळाली तर?" परत आल्यावर ते म्हणाले.

"मिळंस्तवर मागायची," मंगल म्हणाली. "आमी जतची माणसं सर. पावसाची वाट बघून बघून लय चिवट झालोय."

निघायच्या आधी प्राची मला चिसोमोकडे घेऊन गेली. "हा ठेवून घ्याल?"

"नको," चिसोमो म्हणाली. "माझी शेड भरली आहे."

प्राचीचा चेहरा उतरला. मला मात्र चिसोमो त्या क्षणी फार आवडली.

"देणारच असाल," चिसोमो पुढे म्हणाली, "तर आधी मला हा उघडून दाखवा."

मंगल आणि चिसोमो ओसरीवर मांडी घालून बसल्या. एकीला इंग्रजी जेमतेम येत होते, दुसरीला मराठी अजिबात नाही. मंगलने मला पूर्ण उघडले आणि जोडले. मग चिसोमोने उघडले. जोडताना एक झडप उलटी बसली आणि मी फुसफुसलो. दोघी हसत सुटल्या. चिसोमोने परत उघडले. ओढ नीट लागली तेव्हा तिने मान डोलावली आणि मला आत नेले. शेडमध्ये नव्हे. थिएटरमध्ये, टेबलाच्या डोक्याशी.

मी अजून तिथेच आहे. माझा मिरजेचा भाता मध्यंतरी फाटला. चिसोमोने कुणाला पत्र लिहिले नाही. गावातल्या सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूबचे रबर कापून घेतले आणि नवा भाता बसवला. तो थोडा जाड आहे, दाबायला जोर लागतो, पण ओढतो चांगला. जयराजसरांना एक वर्ष खेपा घालाव्या लागल्या. दुसऱ्या वर्षी परवानगी आली, आणि या वेळी तीत अडलेल्या बाळंतिणींचाही उल्लेख होता.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कुणी डॉक्टर होईल, कुणी सिस्टर, कुणी कारखान्यात पंप बनवील. लांबच्या माणसांना मदत करायला जरूर जा. पण आपल्याला नको झालेली वस्तू त्यांच्या गळ्यात मारू नका. चालणारी द्या, ती कशी उघडायची ते दाखवा, आणि त्यांनी 'नको' म्हटले तर फुरंगटून बसू नका. ज्याच्या दारात नदी चढते, त्याला तुमची दया नको असते. त्याला पाना हवा असतो आणि भात्याचे रबर.

परवा चिसोमोकडे शिकायला नव्या मुली आल्या. तिने पहिल्याच दिवशी मला त्यांच्यासमोर सुटे केले. पॅडल, झडप, बरण्या, भाता, सगळे टेबलावर मांडले. तिच्या हातात काठी नव्हती, आवाजही चढा नव्हता.

"जोडा," ती म्हणाली.

मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. मग एकीने हात पुढे केला आणि भाता उचलला.