ओमी नाही, ओमेश्वरी

खोटं बोलायला मला कुणी शिकवलं नाही, ते अंगचंच. गोंदियाच्या टायपिंग क्लासमध्ये पहिल्याच दिवशी मी सांगून टाकलं, की मी इथल्याच, शहरालगतच्या कुडव्याची, घरी सगळे हिंदीच बोलतात. कुडव्याला मामाकडे राहत होते, तेवढं खरं. बाकी मी सौंदडच्या कुंजीलाल बिसेनांची ओमेश्वरी, धानाच्या बांध्यांत वाढलेली, घरी पोवारी बोलणारी. क्लासमध्ये मात्र ओमी.

तिथंच रोशन भेटला. तो नागपूरचा, शर्टाला कडक इस्त्री. वर्षभर आम्ही हिंदीतच भांडलो आणि हिंदीतच प्रेमात पडलो. खेड्यातली पोरगी म्हटल्यावर हा तोंड फिरवेल, या धास्तीनं मी घरचा फोनही त्याच्यासमोर उचलत नसे. प्रेम खरं आणि मी खोटी, असा सगळा मामला.

दिवाळीनंतर गावची मंडई भरली, म्हणजे आमच्याकडची जत्रा. दुपारी दंडारीचं नाटक सुरू झालं. मी बाबांसोबत पुढेच बसले होते. दंडारीत बाईचं कामही पुरुषच करतो. हिरवं लुगडं नेसून, कमरेवर हात ठेवून दारुड्या नवऱ्याला झापणारी बायको आली आणि मांडव हसून लोळला. मी मात्र गार. ती बायको रोशन होता, आणि आमच्या भागातल्या अस्सल झाडीबोलीत नवऱ्याचा उद्धार करत होता.

शेजारच्या निर्मलाबाईंनी माहिती पुरवली, की हा इथल्याच कोहमाऱ्याकडचा पोरगा, त्याच्या बापाचीच ही दंडार. म्हणजे नागपूर वगैरे सगळी थाप. चोरावर मोर. मला राग यायला हवा होता. झाला तो आनंदच, इतका की डोळे भरून आले.

पण नवऱ्याला झापण्याच्या नादात त्यानं मला पाहिलं नव्हतं. गुपचूप उठून गेले असते तर ओमीच राहिले असते. आमच्याकडे नटाला बक्षीस द्यायचं तर त्याच्या हातात नोट ठेवून आपलं नाव-गाव सांगायचं. तो ते माइकवर पुकारतो. मी बाबांकडून दहाची नोट मागून घेतली आणि सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"ओमी, तू इथं काऊन?" तो पुटपुटला.

"ओमी नाही. ओमेश्वरी कुंजीलाल बिसेन, सौंदड. धानवाल्याची पोरगी आहो मी. चालते का तुले?"

ढोलकीवाला खोळंबला. मग रोशननं पदर सावरला, माइक तोंडाशी धरला आणि माझं सगळं नाव, गावासकट, खणखणीत पुकारलं. एक अक्षर गाळलं नाही. मग दारुड्या नवऱ्याकडे वळून ठसक्यात म्हणाला, "तू जाय आता. मले माहं मानूस भेटलं."

मांडवात हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं माझे बाबा हसले. त्यांना तो दंडारीतलाच डायलॉग वाटला.