नायिकेच्या टाचा

खारूला सिनेमात घेतलं ते तिच्या टाचांसाठी. तोंडासाठी नव्हे, हे तिच्या मावशीनं पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं. मावशी नायिकेचे केस विंचरायची. त्या जोरावर ती घरात कुणाचंही बोलणं मध्येच तोडून "आमच्या लाइनीत असं नसतं" म्हणू शकायची.

नायिकेला पडद्यावर सोळा वर्षांची व्हायचं होतं. खरं वय चौतीस. चेहऱ्याचं मेकअपवाला बघून घेणार होता, पण गुडघ्याला रंग फासून गुडघा काही तरुण होत नाही. आणि सिनेमाच्या सुरुवातीलाच ही बया धडाधड जिना उतरणार, कुंपणावरून उडी मारणार, सुटलेल्या बसमागे धावणार. डॉक्टरांनी तर तिला उकिडवं बसायचीसुद्धा मनाई केली होती. तेव्हा असं ठरलं, की पाय खारूचे, पाठ खारूची, वाऱ्यावर उडणारे केस खारूचे, आणि शेवटी मान गर्रकन वळली की चेहरा नायिकेचा.

खारू खरोखरच सोळा वर्षांची होती. सारखं काही ना काही कुरतडत असायची, म्हणून खारू. वडिलांना कोण आनंद! "आपल्या सात पिढ्यांत कुणाची टाच पडद्यावर आली नव्हती," असं ते भेटेल त्याला सांगत सुटले. आई एवढंच म्हणाली, "टाचा नीट घासून जा."

एका मोठ्या गोदामात नायिकेची झोपायची खोली उभी केली होती. गिटार, दुर्बीण, चाकांची फळी, रंगाचे डबे, बुद्धिबळाचा अर्धा राहिलेला डाव. एवढे छंद करून ही पोरगी शाळेत कधी जात असेल, असं खारूला वाटलं. पण तिला विचारतंय कोण?

दिग्दर्शक पन्नाशीचे, टोपी उलटी घातलेले. त्यांनी तिला समोर बसवून समजावलं. "पहिल्या दोन मिनिटांत प्रेक्षकाला कळलं पाहिजे, ही कोण आहे. घड्याळाचा गजर होतो. पांघरुणातून हात येतो आणि घड्याळाला फटका मारून खाली पाडतो. म्हणजे काय?"

"म्हणजे घड्याळ फुटतं."

"म्हणजे ती बंडखोर आहे!"

"पण आम्ही सगळ्या गजर मोबाइलवर लावतो," खारू चाचरत म्हणाली.

"मोबाइल आपटला की प्रेक्षक मोबाइलसाठी हळहळतो. आपल्याला नायिकेसाठी हळहळ हवी."

हाताचं काम झटक्यात झालं. घोडं अडलं ते पायांपाशी. पलंगापासून दारापर्यंत चालायचं, एवढंच. खारू चालली.

"कट! सोळा वर्षांची मुलगी अशी चालते का?"

खारूनं खाली आपल्या पायांकडे पाहिलं. "मी अशीच चालते."

"तू चालत असशील गं. पण सोळा वर्षांची मुलगी चालत नाही. बागडते!"

मग त्यांनी आपल्या सहायकाला पुढे बोलावलं. चाळिशीचा गृहस्थ, पोट चांगलं सुटलेलं. त्यानं पट्टा वर ओढला, जिभेचं टोक दातांत धरलं आणि टुणटुण उड्या मारत, खांदे उडवत, स्वतःभोवती एक गिरकी घेऊन खोली पार केली. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

"याला म्हणतात सोळा!" दिग्दर्शक भारावून म्हणाले. "काही कळलं?"

खारूला काय कळायचं ते कळलं. दुपारपर्यंत ती त्या गृहस्थामागोमाग उड्या मारत सोळा वर्षांची व्हायला शिकली. संध्याकाळी कुंपण झालं, बस झाली, आणि दिग्दर्शकांनी तिच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, "बघ, जमलं की नाही वयात यायला!"

दुसऱ्या दिवशी चेहऱ्याचं काम. मावशी दोन वेण्या घालत होती, नायिकेचे पाय स्टुलावर, गुडघ्यांवर गरम पाण्याच्या पिशव्या. खारू कोपऱ्यात बसून बिस्किटाच्या कडा कुरतडत होती.

"काय गं," नायिकेनं आरशातूनच विचारलं, "सकाळी उठल्यावर तू काय करतेस?"

"काही नाही, ताई."

"म्हणजे आळस देतेस, नाचतेस, खिडकी उघडतेस, काय?"

"काहीच नाही. एक मोजा घालते आणि बसते. दुसरा हातात असतो. कितीतरी वेळ बसते."

"कसला विचार करतेस?"

खारूनं आठवून पाहिलं. "बहुतेक कसलाच नाही."

मावशी हसली, पण नायिकेला हसू आलं नाही. "मी अकराव्या वर्षापासून या धंद्यात आहे," ती म्हणाली. "सोळाची होते तेव्हा पडद्यावर दोन लेकरांची आई होते. खांद्यावर पदर, कपाळाला आठ्या. दिग्दर्शक ओरडायचा, अशी धावतेस काय, बाईसारखी चाल! आता चौतिसाव्या वर्षी हा म्हणतो, बागड." मग ती मावशीकडे वळली. "वेणी जरा सैल घाला हो, कपाळ ओढलं जातंय."

कॅमेऱ्यासमोर तिनं उठून, हात ताणून, गालाला खळी पाडून हसायचं होतं. ती उठली. पलंगाच्या कडेला बसली. एक पट्ट्यापट्ट्यांचा मोजा पायात चढवला, दुसरा हातात घेतला आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. चेहऱ्यावर कुठलाच भाव नाही. तोंड किंचित उघडं. खारू कुरतडायची थांबली. घरी आपण दिसतो कशा, ते तिनं आजवर पाहिलंच नव्हतं.

"हे काय चाललंय?" दिग्दर्शक ओरडले.

"मोजा घालतेय."

"पण तू घालत नाहीयेस!"

"हो ना," नायिका म्हणाली.

निर्मात्यांनी ते चित्रण पाहिलं आणि निकाल दिला: पोरगी आजारी वाटते, काढून टाका. काढून टाकलं. पुढे एका मोजेवाल्या कंपनीनं सिनेमाला हातभार लावायचं कबूल केलं, तेव्हा पळापळ झाली, कारण अख्ख्या सिनेमात मोजा दिसत होता तो तिथंच. प्रसंग परत घातला. नुसता घातला नाही, लांबवला. हा क्षण आपल्याला अंघोळ करताना सुचला, असं दिग्दर्शकांनी तीन मुलाखतींत सांगितलं.

इकडे खारूच्या पायांना भलतीच सवय लागली. बाजारात निघाली तरी टुणटुण. आई म्हणायची, "अशी काय गं चालतेस, अंगात वारं शिरल्यासारखी?" मैत्रिणी आधी हसल्या, मग त्यातल्या दोघी तशाच चालायला लागल्या. पूर्वी आपण कशा चालायचो ते खारूला आठवेना. आठवून चालायला गेली की पायात पाय अडकायचे.

सिनेमा लागला तेव्हा सगळं घर गेलं. दिवे गेले, गजर झाला, आणि वडील खुर्चीत पुढे सरकले. "हा हात आपला!" ते पुढच्या माणसाच्या खांद्याला हात लावून म्हणाले. "टाच बघा, टाच! आमच्या मुलीची! ही पाठपण आमचीच!" पुढचा माणूस दोनदा वळला, तिसऱ्यांदा त्यानं जागा बदलली.

मग पडद्यावर नायिका पलंगाच्या कडेला येऊन बसली. एक मोजा पायात, एक हातात.

"ही मात्र आपली नव्हे," वडील निराश होऊन म्हणाले. "ही ती बाई स्वतः आहे."

आई पडद्याकडे टक लावून बघत होती. नायिका बसली होती, बसूनच होती, आणि हळूहळू आईच्या कपाळावर आठी चढली.

"अगं ए, आटप की!" अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात ती खेकसली. "बस काय तुझ्यासाठी थांबणारेय?"

पडद्यावरच्या पोरीनं काही ऐकलं नाही. शेजारी बसलेल्या खारूनं मात्र घाईघाईनं पाय जवळ ओढून घेतले. सगळं थिएटर हसायला लागलं, आणि मावशी अंधारात तोंडावर ओढणी घेऊन म्हणाली, "या लोकांना घेऊन कुठं यायची सोय नाही."