खदान कोणी बंद पाडली

सुगतनं डाव्या हातानं आरसा थोडा खाली वळवला. मागचा रस्ता दिसेनासा झाला आणि मधल्या सीटवर खिडकीशी बसलेल्या माधवी मॅडमचा चेहरा आरशात आला.

चांदूर रेल्वेच्या स्टेशनाबाहेरून काळीपिवळी भरून निघाली होती, तरी मॅडमच्या शेजारची जागा रिकामीच होती. मागच्या फळीवर पार्बताबाई दोघींच्या मध्ये अंग चोरून बसली होती. कंडक्टरकी करणाऱ्यानं "पुढं सरका ना आजी" म्हटलं, तर तिनं ऐकूच न आल्यासारखं तोंड फिरवलं. दिवाळीपासून हे असंच चाललं होतं. मॅडम रोज बडनेऱ्याहून सकाळच्या पॅसेंजरनं यायच्या, सुगतच्याच गाडीनं बोरदऱ्याच्या शाळेत जायच्या, आणि त्यांच्या बाजूला कोणी बसायचं नाही.

मॅडमचा फोन वाजला. त्यांनी तो कानाशी धरून आवाज खाली आणला. सुगतनं गाडीचा वेग कमी केला, म्हणजे इंजिनाचा आवाज आड येऊ नये.

"हो गं जुई, दुपारी येतोय ना फलक? बसव की मग. नाही, नाव नको. एकदा सांगितलं ना तुला? नाव अजिबात टाकू नकोस."

पुढचा खड्डा सुगतला दिसलाच नाही. गाडी आदळली, मागून ओरडा झाला.

"कोणाचं नाव, मॅडम?" त्यानं आरशातच पाहत विचारलं.

"काही नाही, सुगतभाऊ. मैत्रिणीशी बोलत होते."

"ते खदानीवाल्या जुईली मॅडम? मैत्रीण हाये तुमची?"

"कॉलेजात बरोबर होतो आम्ही, अमरावतीला." एवढं बोलून त्या बाहेर पाहू लागल्या. बाहेर वेचणी संपलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या.  पार्बताबाईनं शेजारणीला कोपर मारलेलं सुगतला दिसलं.

बोरदऱ्याची खदान गावाच्या उगवतीला, टेकडीच्या पोटात होती. सुगत तिथं ड्रिल चालवायचा. कंप्रेसरच्या जोरावर खडकात भोकं पाडायची, मग त्यात सुरुंग भरला जायचा, आणि फुटलेल्या दगडाची क्रशरवर गिट्टी व्हायची. अर्ध्या गावाची चूल त्यावर पेटत होती. मग एकदा आतल्या बाजूचा कडा कोसळला आणि आत सरळसोट, पैलू पाडल्यासारखे दगडी खांब निघाले, एकाला एक खेटून उभे. तेव्हा कोणाला त्याचं काही वाटलं नाही. पुढं वर्ष उलटल्यावर साहेब लोक आले, त्यांच्यात जुईली मॅडमही होत्या, मोजमापं झाली, आणि दिवाळीच्या तोंडावर आदेश निघाला, की हा खडक जपून ठेवायचा आहे, खदान बंद. ठेकेदारानं यंत्रं उचलली. जाता जाता तो एवढंच बोलला, "बाहेरच्याले काय मालूम आत काय निंगालं? तुमच्यातल्याच कोनं तरी खबर देल्ली."

तुमच्यातल्याच. तो शब्द गावात राहून गेला. लोक एकमेकांची तोंडं पाहू लागले. आणि माधवी मॅडमचं नाव सगळ्यात आधी घेतलं ते सुगतनं. सुरुंगाच्या हादऱ्यानं शाळेची भिंत तडकली होती, तेव्हा मॅडमनं ग्रामसभेत उभं राहून तक्रार केली होती. साहेब लोक आले तेव्हा त्यांचा चहा शाळेत झाला होता. सुगतनं हे दोन्ही जोडून दाखवलं आणि लोकांना ते पटलं, कारण मॅडम गावातल्या नव्हत्या.

मॅडमला शाळेपाशी उतरवून सुगत थेट देवमनच्या चहाच्या टपरीवर गेला. खदानीवर मुकादम असलेला डोमाजी तिथं रोजच्यासारखा बाकावर बसला होता.

"काका, मैत्रीण हाये ते तिची. आपल्या तोंडानं बोलली. अन् नाव टाकू नको म्हने."

डोमाजीनं ओठाशी नेलेली बशी तशीच खाली ठेवली. "नाव टाकू नको?"

"मंग! ज्यानं केलं तो आपलं नाव कायले सांगन?"

"मी तवाच म्हनलं होतं," देवमन गाळणी झटकत म्हणाला. त्यानं तेव्हा काहीच म्हटलं नव्हतं.

 डोमाजीचा एक मुलगा क्रशरवर होता, तो आता बडनेऱ्यात हमाली करत होता आणि घरी फोनही करत नव्हता. "उद्या जाऊ," डोमाजी म्हणाला. "पंचायत समितीत. बदली केल्याबिगर उठाचंच नाई. सुगत, गाडी तुयी."

"माहीच. सकायच्या फेरीतच चाला."

सकाळच्या फेऱ्या आटोपून घरी जेवताना त्यानं ही गोष्ट बायकोला, ज्योत्स्नाला सांगितली. तिनं भाकरी त्याच्या ताटात टाकली आणि हात तसाच धरून ठेवला.

"तिनं खबर देल्ली, हे तुमी डोयानं पाह्यलं?"

"सारंच डोयानं पाहा लागते का?"

"आपला धम्मदीप वाचाले शिकला तिच्यापाशी," ती म्हणाली. मग त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "तुमी लय बोलता आजकाल तिच्यावर. सकाय-संध्याकाय तेच."

त्यात एक वेगळा सूर होता. सुगतला तो कळला, पण त्यानं पाण्याचा गडू तोंडाला लावला.

दुपारी फोन आला. जुईली मॅडम चांदूरला खदानीपाशी लावायचा माहितीचा फलक घेऊन उभ्या होत्या आणि त्यांना गाडी हवी होती. सुगतला आधी नाही म्हणावंसं वाटलं. मग वाटलं, जावं, बोलता बोलता काहीतरी हाती लागेल. उद्या साहेबासमोर सांगायला बरं.

जुईली मॅडम उंच, उन्हानं रापलेल्या. फलक वर्तमानपत्रात गुंडाळून टपावर बांधला. खदानीत जाळीचं कुंपण होतं आणि फाटकाशी लोखंडी चौकट आधीच रोवून ठेवली होती. दोघांनी फलक धरून उतरवला. सुगतनं दोऱ्या सोडल्या, कागद ओढून काढला आणि त्याचा हात थांबला.

फलकाच्या अर्ध्या भागात फोटो होता. दगडी खांबांचा कडा, वर सकाळचं कोवळं ऊन. नुकत्याच पडलेल्या मातीचे ढीग खाली, आणि त्या ढिगांवर, अगदी कडेला, फोटो काढणाऱ्याची लांब पडलेली सावली.

ती सकाळ त्याला आठवली. कडा कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशीची. धुरळा बसला होता, कंप्रेसर सुरू व्हायचा होता, आणि पऱ्हाटीची मोळी बांधून उभी करावी तसे ते खांब उन्हात चमकत होते. डोमाजीनं हाक मारली तरी तो थांबला होता. खिशातून मोबाईल काढला होता.

"हा फोटो..." तो म्हणाला.

"यानंच तर सगळं सुरू झालं," जुईली मॅडम पान्याशी झटापट करत म्हणाल्या. "माधवीनं पाठवला होता मला. पाहिला आणि मी उठूनच बसले. लाव्हा थंड होताना असा तडकतो, पण इतका सरळ, इतका अखंड कडा मी आपल्या भागात पाहिला नव्हता. गावातल्याच कुणी काढलाय म्हणे. मी म्हटलं, खाली त्याचं नाव टाकू, मान आहे त्या माणसाचा. पण ही ऐकायलाच तयार नाही. नाव नको म्हणजे नको. धरा ना हे टोक."

सुगतनं टोक धरलं. बोल्ट मात्र त्यानं उलट्या बाजूनं घातला.

"काय झालं?"

"काही नाई. ऊन लागून राहिलं."

संध्याकाळी शाळा सुटल्यावर मॅडम एकट्याच गाडीत बसल्या. गावातून त्या वेळी चांदूरला जाणारं कोणी नसायचं. खदानीचं वळण मागं पडल्यावर सुगतनं आरसा खाली वळवला.

"तो फोटो माहा हाये."

"हो," मॅडम म्हणाल्या.

"मले न इचारता तुमी..."

"विचारलं होतं." त्यांचा आवाज चढला नाही. "याच गाडीत. तुम्ही तेव्हा खदानीच्या सुट्टीच्या दिवशी गाडी चालवायचात. तुम्हीच मोबाईल पुढं केला होता, बघा मॅडम आमची खदान म्हणून. मी म्हटलं, माझी मैत्रीण दगडांचा अभ्यास करते, तिला पाठवू? तुम्ही म्हणालात, पाठवा ना, पाहू द्या लोकाइले."

पाहू द्या लोकाइले. ते शब्द ऐकल्याबरोबर सुगतला स्वतःचा आवाज ओळखू आला, त्यातली ऐटसुद्धा. त्या दिवशी मॅडमनं फोटोची तारीफ केली होती आणि तो घरी जाईपर्यंत खुशीत होता. दोन दिवसांत विसरूनही गेला होता.

"खदान बंद होईल असं मलाही वाटलं नव्हतं," त्या पुढं म्हणाल्या. "वाटलं होतं, तेवढा कडा राखतील, बाकीचं चालू राहील. मी सुरुंगाची तक्रार केली होती, पण लोकांचं काम जावं म्हणून नाही. वर्गातली मुलं आता जेवणाच्या डब्यात काय आणतात ते मी रोज पाहते."

"मंग सांगलं काहून नाई? लोकं काय काय बोलून राहिले तुमाले."

"काय बोलतात आणि कोण बोलतं, सगळं येतं माझ्या कानावर."

सुगतची नजर रस्त्यावरून हलली नाही. हातानं मात्र त्यानं आरसा पुन्हा वर वळवला.

"तुमचं घर त्या गावात आहे, सुगतभाऊ," मॅडम म्हणाल्या. "माझी काय, फार तर बदली होते."

स्टेशन आलं. त्या उतरल्या, रोजच्यासारखी मान हलवून पायऱ्यांकडं गेल्या. उद्या सकाळी लोक त्यांची तीच बदली मागायला निघणार आहेत, हे सांगायला त्यानं तोंड उघडलं होतं. तोवर त्या गर्दीत मिसळल्या होत्या.

सकाळी गाडी भरायला वेळ लागला नाही. डोमाजी पुढं, त्याच्या मागं देवमन, पार्बताबाई, आणखी पाच-सात जण. टपरीपाशी बघे जमले होते. त्यांत डबा घेऊन आलेली ज्योत्स्नाही होती. सुगत दाराशी किल्ली धरून उभा राहिला.

"चाल ना बे," डोमाजी म्हणाला.

"काका, मॅडमनं नाई केलं ते. तो फोटो म्या काढला. म्याच म्हनलं होतं पाठवा म्हनून."

 मागून देवमन हसला.

"काल म्हने तिनं केलं. आज म्हने म्या केलं. रातीतून का झालं?"

"संध्याकायी एकटीच होती ना गाडीत?" पार्बताबाई म्हणाली. कोणालाच उद्देशून नाही, नुसतीच.

"फलकावर माही सावली हाये, काका. जाऊन पाहा."

"सावली कोनाचीबी असते," डोमाजी म्हणाला. तो हळूहळू खाली उतरला आणि सुगतच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. पूर्वी मुकादम असताना वजनात कमी भरलेली गिट्टी ओळखायला तो जसा पाहायचा, तसा तो सुगतकडं पाहत होता. "तिनं काय सांगलं तुले? का देल्लं?"

"काही नाई देल्लं."

"मंग असं कोनी काहून बोलन?"

 डोमाजीनं हातानंच इशारा केला. एकेक जण उतरला. फाट्यावरून एसटी मिळेल, असं कोणीतरी म्हणालं, आणि सगळे रस्त्यानं निघाले. काही जण मागं वळून पाहत होते. कालपर्यंत ते मॅडमकडं असंच पाहायचे.

रिकाम्या गाडीत सुगत बसला. किल्ली फिरवणार तोच पलीकडचं दार उघडलं. ज्योत्स्ना आत येऊन बसली आणि डबा तिनं मांडीवर घेतला.

"मीबी येतो," ती म्हणाली.

"कुठी?"

"तुमी जाता तिथी. स्टेशनावर."

तिच्या चेहऱ्यावरून त्याला काही कळेना. ती त्याच्या बाजूनं बसली होती, की मॅडमला जवळून पाहायला निघाली होती? विचारायचा धीर त्याला झाला नाही. फाट्याकडं चालणाऱ्या लोकांच्या बाजूनं गाडी गेली तेव्हा तिनं पदर सावरला आणि समोर पाहत राहिली.

खदानीच्या वळणावर ती म्हणाली, "थांबवा."

ती उतरली, फाटकापर्यंत चालत गेली आणि फलकासमोर उभी राहिली. गाडीतून सुगतला तिची पाठ तेवढी दिसत होती. तिनं फोटोत वर पाहिलंच नाही. खाली वाकून, कडेच्या सावलीपाशी बोट नेऊन ती बराच वेळ पाहत राहिली. वर्षानुवर्षं ड्रिलचा भार घेऊन त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरला होता. अंगावर सदरा असला की तो कोणाच्या लक्षात येत नसे. रोज रात्री त्याला तेल लावणारीचा हात मात्र तिथं आपोआप थांबायचा.

ती परत आली, पुढच्या खिडकीशी वाकली.

"खांदा तुमचाच हाये," ती म्हणाली. मग मधल्या सीटवर जाऊन बसली आणि खिडकीशी मॅडमची जागा सोडली. "चाला आता. बाई उभी राहीन तिथी."