राहिलेली वास्तुशांत

सरलाबाईंनी घराची किल्ली भगवंत मास्तरांच्या हातावर ठेवली. बाहेर बैलगाडीत सामान बांधून झाले होते. राजधानी नागपूरहून भोपाळला हलली, तिच्यामागे सरलाबाईंच्या नवऱ्यासारखे सचिवालयातले कारकून हलले, आणि सौंसरच्या मास्तरांच्या नागपुरातल्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या.

शाळेतली नोकरी सांभाळून, पोटाला चिमटा घेऊन मास्तरांनी त्या आठ वर्षांपूर्वी घेतल्या होत्या. म्हातारपणी दोघांनी इथे राहायचे आणि तोवर घराने स्वतःच कमवायचे, असा हिशेबी बेत. भाडेकरू दाराशी उभाच होता, तेव्हा वास्तुशांतीसाठी महिनाभर घर अडवून कोण ठेवणार! पुढे मास्तरांच्या पत्नी अंबाबाई दरवर्षी विचारत आणि मास्तर दरवर्षी म्हणत, "पुढच्या साली पाहू."

गेल्या श्रावणात अंबाबाई वारल्या. मास्तरांनी ते इथे कुणाला कळवले नव्हते.

"आता घर मोकळं झालं. पूजा उरकून घ्या," सरलाबाई म्हणाल्या. "काकूंना केवढी हौस आहे!"

मास्तरांनी चमकून वर पाहिले. "तुम्हाले कसं माहीत?"

"त्या येतात न. बहिणीकडे आल्या, की दुपारची एक चक्कर असतेच. संत्री आणतात. मी म्हणते, काकू, आत या, चहा घ्या. तर म्हणतात, 'नाही बाप्पा, जोडीनं पूजेले बसीन, तवाच उंबरा ओलांडीन.' या पायरीवर बसूनच आत पाहतात."

"मले कधी बोलली नाही."

"मलाही सांगू नको म्हणाल्या. 'त्यांले वाटंल, मी मागं लागून राहिली.'"

मास्तर किल्ली या हातातून त्या हातात करत राहिले.

"देव कुठं मांडायचे, तेही ठरवून ठेवलं त्यांनी. समोरच्या त्या कोनाड्यात. आठ वर्षं मी तिथं काडेपेटीसुद्धा ठेवली नाही," सरलाबाई म्हणाल्या. गाडीवानाने हाक मारली तशा त्या घाईने वाकून मास्तरांच्या पाया पडल्या. "यंदा काकू आल्याच नाहीत. त्यांना सांगाल न, कोनाडा आज चुन्यानं पोतून ठेवला म्हणून?"

"सांगतो," मास्तर म्हणाले.

गाडी गल्लीच्या वळणावरून गेली. दार सताड उघडे होते, आत अडवायला आता कुणी नव्हते. मास्तरांनी उंबऱ्याशी जाऊन पाऊल उचलले आणि मागे घेतले. मग ते पायरीवर बसले. तिथून कोनाडा अगदी समोर दिसत होता.